उत्तर उस्मानाबादनं दिलं, पुढे काय?

मंडळी, आजचा विषय थोडा जड आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक प्रश्न. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेळेत पकडायचा तर कुठली तपासणी करावी, याचं जे उत्तर आज जागतिक आरोग्य संघटना साऱ्या देशांना देते, त्यामागचा महत्त्वाचा पुरावा कुठून आला असेल? बोस्टन? लंडन? जिनिव्हा?

उस्मानाबाद. होय, आपलंच. २०२३ मध्ये ज्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं तो जिल्हा. आपल्यापैकी बहुतेकांना हा जिल्हा तुळजापूरच्या वाटेवरचा आणि दुष्काळाच्या बातम्यांतला म्हणूनच माहीत. पण ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात तिथल्या खेड्यांतल्या १,३१,७४६ बायका एका प्रयोगात सामील झाल्या. वय वर्षं ३० ते ५९. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठी टाकावी तसे ते चार भागांत वाटले. पहिल्या भागातल्या बायकांची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यांची पॅप स्मिअर (म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्यांची व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी. आणि चौथ्या भागात? काही नाही. म्हणजे रोजच्यासारखं. आजाराची माहिती द्यायची, तपासणी कुठे मिळते ते सांगायचं, बस्स.

हे काम बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था या तिघांनी मिळून केलं. पैसे गेट्स फाउंडेशनचे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली होती, त्यामुळे कोण आजारी पडलं, कोण दगावलं याचा हिशोब ठेवणारी माणसं तिथे आधीपासून होती. नमुने घ्यायला गावागावांतून काम करणाऱ्या प्रशिक्षित नर्सबाई होत्या.

निकाल आला एप्रिल २००९ मध्ये, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये. ज्या गटाला एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदाच, हो, फक्त एकदाच देऊ केली, त्यातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी पुढच्या आठेक वर्षांत या कॅन्सरनं गेल्या. ज्यांची काहीच तपासणी झाली नाही त्या ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप स्मिअर आणि व्हिनेगरवाल्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये खात्रीनं सांगता येईल असा फरक पडला नाही.

आता हा निकाल किती मोठा आहे बघा. श्रीमंत देशांत पॅप स्मिअरनं हा कॅन्सर आटोक्यात आणला, पण तिथे ती तपासणी दर काही वर्षांनी होते, प्रयोगशाळा चोख असतात, बोलावणं येतं. 'आमच्याकडे चाललं म्हणजे तुमच्याकडेही चालेल' हे गृहीत उस्मानाबादनं मोडून काढलं. जिथे बाईला दवाखान्यात आयुष्यात एकदाच आणता येतं तिथे कुठली तपासणी उपयोगी, याचं उत्तर उस्मानाबादच्या बायकांनी जगाला दिलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती दिली.

आता दुसरा आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २१. भारतातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी या कॅन्सरची तपासणी आयुष्यात कधी एकदा तरी झालेल्या किती? १.९. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०३० पर्यंत गाठायला सांगितलेला आकडा शंभरात ७० आहे. आणि याच कॅन्सरनं २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे ८०,००० बायका गेल्याचा अंदाज आहे.

हे दोन आकडे एकाशेजारी एक ठेवले की माझं डोकं फिरतं. प्रश्न आपल्याकडे विचारला, उत्तर आपल्याकडे सापडलं, ते जगभर गेलं, आणि ज्यांच्या अंगावर प्रयोग झाला त्यांच्या लेकीसुनांपर्यंत येता येता कुठेतरी हरवलं.

हे मी कशासाठी उगाळतोय? सांगतो.

काही महिन्यांपूर्वी ऑफिसात एका आरोग्य प्रकल्पाच्या डेमोला बसलो होतो. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा आणि मधुमेहामुळे पडदा खराब होतोय का ते सॉफ्टवेअरनं सांगायचं, असं प्रकरण. मस्त होतं, खोटं कशाला बोला. चाचणी कुठे करायची? तर चार प्राथमिक आरोग्य केंद्रांत, सहा महिने. 'पेशंट भरपूर, शिवाय आधी कुठे काही उपचार झालेले नसतात, त्यामुळे डेटा एकदम क्लीन,' इति प्रेझेंटेशन. आमच्या टीममधल्या एकीनं विचारलं, "सहा महिन्यांनी कॅमेरे तिथेच राहणार ना?" समोरून उत्तर आलं, "नाही नाही, ते क्लायंटचं असेट आहे." पुढची स्लाइड.

त्या क्षणी खोलीत कुणालाच काही खटकलं नाही. कुणी दुष्ट नव्हतं. सगळे आपल्यासारखेच. ईएमआय भरणारे, शनिवारी ट्रेकला जाणारे. पण 'आधी उपचार झालेले नसतात' हे ज्या आवाजात म्हटलं गेलं, तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाहीये. एखाद्याला आजवर डॉक्टर मिळाला नाही ही त्याची अडचण आहे, आणि आपल्या स्लाइडवर ती फीचर म्हणून आली होती.

म्हणून हा विषय आता फक्त डॉक्टरांचा राहिलेला नाही, आपलाही आहे. पूर्वी गावात संशोधनाला डॉक्टर जायचे, आता अ‍ॅप जातं.

तर मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं एका वाक्यात असं: गरिबांच्या दवाखान्यात संशोधन जरूर करा, पण उत्तर मिळालं तर ते त्याच लोकांपर्यंत कोण, कधी आणि कुणाच्या पैशानं पोचवणार, हे पहिल्या पेशंटची सही घेण्याआधी लिहून द्या. ते लिहिता येत नसेल तर प्रयोग सुरू करू नका.

आता आडवे येणारे मुद्दे घेऊ. ते खरंच वजनदार आहेत.

पहिला मुद्दा चौथ्या गटाचा. काहीही तपासणी न झालेल्या बायकांचा. यावर बराच वाद झाला. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतलं दिंडिगल इथल्या तीन अभ्यासांत मिळून तपासणी न झालेल्या गटांत १,३८,६२४ बायका होत्या आणि त्यांतल्या किमान २५४ जणी या कॅन्सरनं गेल्या, हे अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये लेख लिहून मांडलं. त्यांचं म्हणणं, तपासणीनं जीव वाचतो हे आधीच माहीत असताना लाखभर बायकांना तपासणीविना ठेवून नुसतं बघत बसणं गैर आहे. मुंबईच्या अभ्यासाला अमेरिकी सरकारचा पैसा होता. त्यामुळे संशोधनात सामील होणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी तिकडे जे सरकारी कार्यालय आहे, त्यानं चौकशी केली आणि संमती घेताना बायकांना दिलेली माहिती अपुरी होती असा निष्कर्ष २०१२ मध्ये काढला.

संशोधकांची बाजू अशी, की भारतात त्या वेळी या कॅन्सरची तपासणी सरकारी पातळीवर होतच नव्हती. म्हणजे चौथ्या गटाला जे मिळालं तेच बाकी साऱ्या देशातल्या बायकांना मिळत होतं. आणि तो गट नसता तर पॅप स्मिअर आपल्या खेड्यांत एकदा करून फारसा उपयोग नाही हे कळलंच नसतं. आपण डोळे मिटून अमेरिकेची नक्कल केली असती आणि वीस वर्षं पैसे घालवले असते.

मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि म्हणूनच मला वाटतं की भांडण चुकीच्या ठिकाणी चाललंय. चौथा गट ठेवणं योग्य की अयोग्य, हे त्या प्रयोगाच्या आत बघून ठरतच नाही. निकालानंतर काय होतं त्यावर ठरतं. २००९ नंतर चारपाच वर्षांत महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात एचपीव्ही तपासणी सुरू झाली असती, तर त्या ६४ जणींबद्दल आपण मान खाली घालून का होईना, म्हणू शकलो असतो की त्यांच्यामुळे हजारो वाचल्या. पण तसं झालं नाही. मग त्यांचं जाणं नेमकं कशासाठी होतं? एका प्रबंधासाठी? हा प्रश्न कुणालाच विचारता येत नाही, कारण उत्तर देण्याची जबाबदारी कागदावर कुणाचीच नाही. प्रयोगाच्या फाइलमध्ये डोसपासून कुरिअरपर्यंत सगळं लिहिलेलं असतं. 'उत्तर हो आलं तर पुढे काय' हे पान मात्र नसतं.

सरकारची बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक आराखडा काढला. त्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरवाली तपासणी करायचं ठरलं. हे अगदीच वेड्यासारखं नव्हतं. ती तपासणी स्वस्त आहे, प्रयोगशाळा लागत नाही, आणि मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या अभ्यासात ती दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. पण कागदावर आलेली तपासणी आणि झालेली तपासणी यात आपल्याकडे किती अंतर असतं ते तुम्हाला मी काय सांगणार?

माझी एक आतेबहीण आशा आहे, मराठवाड्यातल्याच एका गावात. माझ्यापेक्षा मोठी, आम्ही तिला ताई म्हणतो. दिवाळीत भेटली तेव्हा विचारलं, "ताई, तुमच्याकडे बायकांची ही तपासणी होते का गं?"

ती म्हणाली, "फॉर्म भरते की मी. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा. पाळी नसताना रक्त जातं का, अंगावरून घाण वास येतं का, सगळं विचारते."

"आणि मग?"

"मग काय? पुढं पाठवायचं. तिथं सिस्टर एकटीच असती. डिलिव्हरी बघल का हे बघल?" जरा थांबून म्हणाली, "आणि बाई तयार झालीच, तर तिला टेबलावर झोपायला आडोसा तरी पाहिजे का नको?"

आडोसा. इतकी मोठी मोठी जर्नलं वाचून झाल्यावर गाडी एका पडद्यापाशी अडलेली.

मग म्हणाली, "तुम्ही लोक कंप्युटरवर फॉर्म लई भारी करता. पण फॉर्मनं बाई बरी होत नसती." काय बोलणार यावर? गप्प लाडू खाल्ला.

दुसरी गोष्ट लसीची. ती अजून विचित्र आहे आणि त्यातही बार्शी आहेच.

२००९ मध्ये पाथ या अमेरिकी संस्थेनं तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लसीचा प्रकल्प सुरू केला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला सोबत घेऊन. १० ते १४ वर्षांच्या हजारो मुली, त्यांतल्या कितीतरी आदिवासी. खम्ममला वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. मधल्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशी समितीनं त्यांचा लसीशी संबंध नाही असं सांगितलं, पण तोवर विश्वास गेला होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारनं प्रकल्प थांबवला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक अहवाल दिला.

त्याच सुमाराला दुसरा एक अभ्यास चालू होता. लसीचे तीन डोस लागतात की दोन पुरतात हे बघायचं होतं, देशात अनेक ठिकाणी, त्यात बार्शीही. एप्रिल २०१० च्या आदेशानं तोही थांबला. तोपर्यंत साडेसतरा हजारांवर मुलींना लस मिळाली होती, कुणाला तीन डोस, कुणाला दोन, आणि हजारो मुलींना फक्त एक. संशोधकांनी या मुलींना वाऱ्यावर न सोडता वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. आणि निघालं काय? एकाच डोसनंही भक्कम संरक्षण मिळतं! २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं जाहीर केलं त्यामागे या आपल्या मुलींचा मोठा वाटा आहे. एका डोसमुळे जगातल्या गरीब देशांचा खर्च किती वाचला असेल याचा विचार करा.

आणि त्या मुलींच्या देशात? सिक्कीमनं २०१८ मध्ये राज्यभर लस दिली, त्यांचं कौतुक. केंद्राच्या अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचं वाक्य आलं ते २०२४ मध्ये. २०१० साली जी मुलगी बारा वर्षांची होती ती तोवर सव्वीसची झाली होती.

खम्ममच्या सह्यांचा प्रकार वाचल्यावर काही जणांना वाटतं की संमतिपत्र नीट घेतलं की झालं. यात तथ्य आहेच. २०१३ पासून नियम कडक झाले, काही चाचण्यांत संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण आलं, २०१९ च्या नव्या नियमांत भरपाईची तरतूद आहे. चांगलंच आहे. पण आपण सॉफ्टवेअरवाले लोक 'आय अ‍ॅग्री'चं बटण रोज बनवतो. ते कोण वाचतं आणि कशासाठी दाबतं हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? ज्या गावात दुसरा डॉक्टरच नाही तिथे 'तुमची इच्छा असेल तरच' या वाक्याला अर्थ किती? नाही म्हटलं तर डॉक्टर उद्या तापाची गोळी देतील ना, ही भीती असतेच. सही खरी असली तरी ती मोकळ्या मनानं केलेली असेलच असं नाही. म्हणून मला सहीपेक्षा सहीनंतरच्या वायद्याची काळजी जास्त वाटते.

बरं, हे सगळं स्वप्नरंजन आहे का? असं कुठे झालंय का? झालंय, आपल्याच राज्यात, गडचिरोलीला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला. आजार तिथे होता, निष्कर्षही महत्त्वाचे होते. पण लोकांना त्यात फारसा रस नव्हता, कारण तो त्यांनी विचारलेला प्रश्नच नव्हता. डॉ. बंगांनी हे स्वतःच मोकळेपणानं सांगितलंय. पुढे त्यांनी लोकांना ज्या गोष्टी छळत होत्या त्या हातात घेतल्या. त्यांतली एक म्हणजे तान्ह्या बाळांचे मृत्यू.

१९९५ ते ९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली. तुलनेला ४७ गावं होती, जिथे नेहमीची सरकारी सेवा चालू होती. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या हिशोबानं, नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये हे छापून आलं. आणि २०११ पासून देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात. माझी ताईसुद्धा जाते. तिला लॅन्सेट माहीत नाही, पण बाळाचं वजन कसं घ्यायचं, थंड पडलेलं बाळ कसं ओळखायचं हे तिला येतं.

इथेही बारा वर्षं लागलीच. आणि इथेही तुलनेची गावं होतीच. तरी या दोन गोष्टींत मला मोठा फरक दिसतो. उस्मानाबादला उत्तर मिळालं ते एका तपासणीबद्दल. ती करायला किट लागतं, प्रयोगशाळा लागते, आडोसा लागतो, आणि हे सगळं पुढे आणायचं कुणी हे कुणाच्याच नावावर नव्हतं. गडचिरोलीचं उत्तर म्हणजे स्वतःच एक शिकलेली बाई होती आणि तिचं घर त्याच गावात होतं. प्रयोग संपला म्हणून ती काही गाव सोडून जाणार नव्हती.

बार्शीची माणसंही तिथलीच, तीही कुठे गेली नाहीत, हे आवर्जून सांगायला हवं. म्हणून मी दोष बार्शीला देत नाहीये. एका तालुक्यातलं हॉस्पिटल अख्ख्या राज्याचा कार्यक्रम चालवू शकत नाही. माझा रोख आहे तो भागीदारीच्या कागदावर. संशोधक, पैसे देणारे आणि स्थानिक दवाखाना यांच्या जोडीला चौथी सही हवी ती उत्तर राबवणाऱ्या सरकारची. तीही सुरुवातीलाच.

"अरे, पण इतक्या अटी घातल्या तर कोणी संशोधन करायलाच येणार नाही," असं माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो. (त्याला हा लेख आधी दाखवला होता, तो अजून रागावलेला आहे.) त्याची भीती पोकळ नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर देशातल्या चाचण्या बऱ्याच मंदावल्या होत्या. आणि संशोधन न होणं हाही गरिबांवर अन्यायच असतो. औषधं दुसऱ्यांच्या अंगावर तपासायची आणि आपल्या अशक्त, कुपोषित पेशंटना अंदाजानं द्यायची, हे काही न्यायाचं नाही. म्हणूनच मी 'संशोधन बंद करा' म्हणत नाहीये.

पण या मित्राला मी विचारलं, की तुझ्या हॉस्पिटलनं एखादं मशीन घेतलं तर मेंटेनन्सचा करार आधी करता की मशीन बंद पडल्यावर? आमच्याकडे तर साधं इंटर्नल टूल बनवलं तरी 'गो-लाइव्हनंतर ओनर कोण?' हा प्रश्न पहिल्या मीटिंगला येतो. ओनर नसलेलं टूल सहा महिन्यांत मरतं हे फ्रेशरलाही कळतं. मग माणसांच्या जिवाशी संबंध असलेल्या उत्तराला ओनर नको?

आणि मागणी तरी केवढी आहे? मला सुचलेल्या चार गोष्टी सांगतो, जाणकारांनी भर घालावी.

एक, प्रयोग सुरू होण्याआधी एक साधं पान: उत्तर 'हो' आलं तर कोण, किती दिवसांत, कुठल्या बजेटमधून. ते पान क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर सगळ्यांना दिसेल असं टाका. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे नोंद करणं सक्तीचं आहेच. त्यात एक रकाना वाढवायचा.

दोन, तुलनेच्या गटात जे राहिले त्यांचा नंबर पहिला. त्यांनी वाट पाहिली म्हणून उत्तर मिळालं.

तीन, दवाखान्यात काहीतरी मागे राहिलं पाहिजे. फ्रिज, कॅमेरा, पगार असलेली एक नर्स, निदान तो आडोसा. प्रकल्पाच्या पैशातला ठरावीक वाटा यासाठी आधीच बाजूला काढा.

चार, निकाल गावाला गावाच्या भाषेत सांगा. ज्या बाईनं नमुना दिला तिला तिच्या नमुन्यातून जगाला काय कळलं हे कळायला नको? तिचा मान आहे तो. उस्मानाबादच्या किती जणींना आज ठाऊक असेल की जगभरातल्या डॉक्टरांच्या पुस्तकात त्या आहेत?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रयोगानंतरचा लाभ, समाजाचा वाटा या गोष्टींचा उल्लेख आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये. फक्त 'शक्य असेल तिथे' या वळणाची भाषा काढून तारीख आणि नाव टाका, एवढंच म्हणतोय.

राहता राहिलो आपण. तुमच्यापैकी अनेक जण अशा प्रकल्पांवर काम करत असाल किंवा करणार असाल. कंपनीच्या सीएसआरमधून, एखाद्या स्टार्टअपमधून, नाहीतर क्लायंटच्या पायलटमधून. आपल्या हातात फार काही नसतं हे मान्य. पण मीटिंगमध्ये तोंड तर असतं. "पायलट संपल्यावर तिथे काय राहणार?" हा एक प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या त्या डेमोनंतर आम्ही तिघांनी मिळून हाच प्रश्न लेखी पाठवला. चार केंद्रांपैकी दोन ठिकाणी कॅमेरे ठेवायचं ठरलंय. बाकीच्या दोन केंद्रांबद्दलचं उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी परत मेल टाकणार आहे.

असो. खूप लांबलं. तुमच्या पाहण्यात असे पायलट असतील, चांगले, वाईट, अर्धवट सुटलेले, तर जरूर लिहा. आणि घरात तिशीपुढच्या कोणी असतील, आई, मावशी, बायको, बहीण, तर त्यांना या तपासणीबद्दल आजच विचारा. त्या शंभरातल्या दोघींमध्ये आहेत का ते तरी कळेल.